झुर्ना, झुर्ला आणि आपली सनई : तुर्की-मॅसेडोनियन लोकसंगीताच्या सामाईक मुळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी गाणी ऐकायला बसतो. किशोरीताईंपासून सुरू झालेली गाडी फिरत फिरत आग्नेय युरोपातल्या बाल्कनमध्ये पोचली आणि तिथेच अडकली. प्रत्येक बैठकीला तेच प्रश्न यायला लागले, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. मी थोडा तबला शिकलेला, बाकी नुसता कानसेन, हे लक्षात ठेवूनच वाचा.

तुर्कस्तान कुठे, मॅसेडोनिया कुठे! यांच्या संगीताचा संबंध काय?

पाचशे वीस वर्षांचा शेजार. स्कोपिये हे आजच्या मॅसेडोनियाच्या राजधानीचं शहर १३९२ मध्ये ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात गेलं आणि १९१२ च्या पहिल्या बाल्कन युद्धात त्यांच्या हातून सुटलं. आपल्याकडे पेशवाई बुडाल्यापासून इंग्रज जाईपर्यंत १२९ वर्षं झाली. तेवढ्यात भजनात पेटी आली आणि लग्नात ब्रास बँड आला. त्याच्या चौपट काळात काय काय झालं असेल याचा अंदाज करा.

शिवाय तुर्क तिथे नुसते सुभेदार आणि शिपाई म्हणून राहिले नव्हते. पूर्वेकडच्या डोंगरांत त्यांचे युरुक धनगर वसले, शहरांत कारागीर आणि व्यापारी वसले. २००२ च्या जनगणनेतसुद्धा तिथे ७७,९५९ लोकांनी स्वतःला तुर्क म्हणून नोंदवलं, म्हणजे लोकसंख्येच्या ३.८५ टक्के. शहरांनाही दोन-दोन नावं आहेत. स्कोपिये म्हणजे तुर्कीत उस्कूप, बितोला म्हणजे मनास्तिर, वेलेस म्हणजे क्योप्रुलू, तेतोवो म्हणजे काल्कानदेलेन. तुर्की गाण्यात ‘मनास्तिर’ ऐकलंत की समजा, गाणं आजच्या तुर्कस्तानातलं नाही.

कोणता मॅसेडोनिया? तो ग्रीसमध्ये आहे ना?

दोन्ही. जुना मॅसेडोनिया प्रांत बाल्कन युद्धांनंतर मुख्यतः सर्बिया, ग्रीस आणि बल्गेरियात वाटला गेला. सर्बियाच्या वाट्याचा भाग पुढे युगोस्लाव्हियात गेला आणि २०१९ पासून त्याचं अधिकृत नाव उत्तर मॅसेडोनिया आहे. इथे मी मुख्यतः त्याच देशाबद्दल बोलतोय. पण गाण्यांना सीमा लागू झाली ती फार उशिरा, त्यामुळे मधूनमधून सेलानिक, म्हणजे थेस्सालोनिकी, डोकावणारच.

मग सरळ सांगा ना, कोणी कोणाकडून घेतलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझ्या मते सगळ्यात कमी कामाचा आहे.

तुर्की बाजूचे म्हणतात, वाद्यांची नावं बघा, आमचीच आहेत. मॅसेडोनियन म्हणतात, आम्ही स्लाव्ह इथे सहाव्या-सातव्या शतकात आलो, तेव्हा तुमचा पत्ता नव्हता. ग्रीक म्हणतात, आम्ही तर सगळ्यांच्या आधीचे. तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. नाव तुर्की असलं म्हणून वस्तू तुर्की ठरत नाही. आपण ‘पेटी’ म्हणतो म्हणून हार्मोनियम काही पुण्यात जन्मली नाही.

त्यापेक्षा असं विचारा, की वाजवणारा कोण होता आणि कुणाच्या लग्नात वाजवत होता? मनास्तिरच्या बाजारपेठेत राहणारा वाजंत्री एका आठवड्यात तुर्क बेच्या, म्हणजे सरदाराच्या, मुलाच्या सुंतेला वाजवायचा, पुढच्या आठवड्यात ख्रिस्ती व्यापाऱ्याच्या लग्नात, मग अल्बेनियन वस्तीत. प्रत्येकाची फर्माईश वेगळी, भाषा वेगळी, पण हात तेच. एका घरी उचललेली चाल दुसऱ्या घरी वेगळ्या शब्दांनी वाजणार, यात नवल नाही. सामाईक मुळं शोधायची तर ती या वाजंत्र्याच्या पोटापाण्यात सापडतात. वंशावळीत शोधाल तर भांडणच हाती लागेल.

झुर्ना आणि झुर्ला ही एकच वाद्यं आहेत का? आवाज तर आपल्या सनईसारखा येतो.

येणारच. एकाच घराण्यातली भावंडं आहेत. तुर्कीत झुर्ना, मॅसेडोनियनमध्ये झुर्ला, इराणकडे सुरना, आपल्याकडे सनई. लाकडाची शंकूसारखी नळी, वर दुहेरी जिव्हाळी, खाली कर्ण्यासारखं तोंड. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत सूर न तोडता वाजवायचं तंत्रही सगळीकडे एकच.

साम्य इथे संपत नाही. झुर्ला बहुधा जोडीने वाजते. एक जण चाल वाजवतो, दुसरा षड्जासारखा एकच सूर धरून बसतो. आपल्या देवळातल्या सनईवाल्याशेजारी नुसता सूर धरणारा बसतो ना, अगदी तसा.

आणि सोबत ढोल. तुर्कीत दावुल, मॅसेडोनियात तापान. खांद्यावरून पट्टा टाकून तो अंगासमोर आडवा धरतात. एका हातात जाड टोल्याची काठी, ती जड बाजूवर पडते. दुसऱ्या हातात छडीसारखी बारीक लवचीक काडी, ती दुसऱ्या बाजूच्या चामड्यावर भरभर नाचते. ‘धूम’ आणि ‘टक’ हे दोन आवाज एकाच ढोलातून असे वेगवेगळे निघतात, की न बघता ऐकलं तर दोन वादक वाटावेत. आपल्या ढोलपथकातलं टिपरू आणि थाप आठवा, फक्त थापेच्या जागी काडी.

तुर्कांची एक म्हण आहे, दावुलचा आवाज लांबून गोड लागतो. दुरून डोंगर साजरे! खरंच, हे वाद्य बंद खोलीत ऐकायचं नाही. मी एकदा दिवाणखान्यात मोठ्या आवाजात लावलं होतं, खालच्या मजल्यावरचे काका वर आले.

झुर्ला फक्त लग्नातच वाजते का?

नाही, कुस्तीतही. तुर्कस्तानात एदिर्नेजवळ किर्कपिनारची तेल लावून खेळायची कुस्ती होते. २०१० मध्ये ती युनेस्कोच्या यादीत गेली. तिथे दावुल-झुर्नाशिवाय पैलवान हातही वर करत नाही. मॅसेडोनियाच्या गावांतही कुस्त्यांना झुर्ला आणि तापान लागतंच. पैलवानाला तुर्कीत म्हणतात पेहलिवान, मॅसेडोनियनमध्ये पेलिवान. फारसी शब्द, पूर्वेला कोल्हापूरपर्यंत आला आणि पश्चिमेला स्कोपियेपर्यंत गेला. आपल्या फडात हलगी कडाडते, त्यांच्या फडात तापान.

त्यांचे ताल लंगडत चालल्यासारखे का वाटतात?

कारण तुर्कीत त्यांचं नावच ‘आकसाक’, म्हणजे लंगडा. रोमानियन संशोधक कॉन्स्टान्टिन ब्रायलोइउ यांनी १९५१ च्या सुमारास याच शब्दावरून अशा सगळ्या तालांना नाव दिलं आणि ते जगभर रुळलं. त्याआधी हंगेरियन संगीतकार बेला बार्तोक त्यांना ‘बल्गेरियन ताल’ म्हणत. १९३६ मध्ये बार्तोक स्वतः लोकगीतं गोळा करायला तुर्कस्तानात गेले होते.

आता गंमत बघा. पाश्चात्त्य कानाला सात मात्रांचं गाणं अवघड जातं, आपल्याला जात नाही, कारण आपल्याकडे रूपक आहे. मॅसेडोनियातला सगळ्यात लाडका ताल ७/८, त्याचे तुकडे ३+२+२. रूपक काय आहे? ती ती ना, धी ना, धी ना. तीन, दोन, दोन. ‘योव्हानो, योव्हान्के’ हे त्यांचं घरोघरी गायलं जाणारं गाणं लावा आणि मांडीवर रूपक धरा. पहिल्याच आवर्तनात बसतो.

पण इथे एक सावधगिरी हवी. आपण रूपकात सातही मात्रा मोजतो. बाल्कनमधला नाचणारा सात मोजतच नाही. त्याच्यासाठी ठोके तीनच, त्यातला पहिला थोडा लांब. लांब-छोटा-छोटा, लांब-छोटा-छोटा. पाऊल त्या लांब ठोक्यावर किंचित रेंगाळतं आणि पुढचे दोन पटकन टाकतं. लंगडणं म्हणजे नेमकं हेच. मला हे कळायला वर्ष गेलं, कारण मी मात्रा मोजत बसलो होतो. उठून चार पावलं टाकली तेव्हा समजलं. आणि रूपकात समेवर खाली असते, इथे मात्र लांब ठोक्यावरच तापानचा जाड टोला पडतो, हाही फरक.

नऊ मात्रांचं तसंच. तुर्कस्तानच्या थ्रेस भागात समोरासमोर उभं राहून करायचा ‘कार्शिलामा’ नाच २+२+२+३ असा चालतो. मॅसेडोनियातल्या रोमा (जिप्सी) वस्त्यांतल्या नऊच्या ‘चोचेक’ नाचाचेही बऱ्याचदा हेच तुकडे. पाच मात्रांचा २+३ नाच मॅसेडोनियात ‘पायदुश्को’, तुर्की थ्रेसमध्ये ‘पायदुश्का’. नाव आणि ताल दोन्ही तेच, मधे फक्त पासपोर्ट.

हे ताल मूळचे कुणाचे?

यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. असे ताल ग्रीसमध्ये आहेत, कुर्दांकडे आहेत, मध्य आशियात आहेत आणि आपल्याकडेही आहेत. एकाच जमातीला मालकी देणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजा, मान डोलवा आणि विषय बदला.

त्यांच्याकडे राग असतात का?

तुर्कांकडे मकाम असतात. राग आणि मकाम एक नव्हेत, पण चुलत नातं लागतं. नुसती स्वरांची शिडी नाही, तर कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, कोणता स्वर कसा लावायचा हेही त्यात येतं. उदाहरणार्थ ‘हिजाज’. कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर मोठी उडी. आपल्याला लगेच भैरवाचं पूर्वांग आठवतं आणि पूर्ण सप्तक पाहिलं तर बसंतमुखारी. ‘निहावेंद’ ऐकताना किरवाणी जवळची वाटते. मॅसेडोनियातली शहरी गाणी या मकामांनी भरलेली आहेत आणि जुने वादक ही नावंही वापरत.

ग्रामीण भागात मात्र चार-पाच स्वरांतच गाणं संपतं. तिथे मकामाचं नाव लावणं म्हणजे जात्यावरच्या ओवीला राग विचारण्यासारखं.

अजून एक. ‘उश्शाक’ किंवा ‘हुसेयनी’ या मकामांतला दुसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधे कुठेतरी असतो. तुर्की बाग्लामावर, म्हणजे लांब दांडीच्या तंतुवाद्यावर, त्यासाठी दांडीला बांधलेला वेगळा पडदा असतो. मॅसेडोनियात विसाव्या शतकात अकॉर्डियन आलं आणि त्या मधल्या स्वराला जागाच उरली नाही. पेटीने आपल्या श्रुतींचं जे केलं म्हणतात, तेच तिथे झालं. एकच चाल तुर्की बाग्लामावर आणि मॅसेडोनियन अकॉर्डियनवर पाठोपाठ ऐका, मग मी काय म्हणतो ते कळेल.

‘चालगिया’ म्हणजे काय?

शहरातल्या मैफिलीचा ताफा. शब्द तुर्की ‘चाल्गी’वरून, म्हणजे वाद्य. व्हायोलिन, क्लॅरिनेट, ऊद (आखूड दांडीचं तंतुवाद्य), कानून, डफ आणि एक गाणारा. कानून म्हणजे मांडीवर ठेवून नख्यांनी छेडायचं, संतुराच्या जवळचं तंतुवाद्य. डफाला ते ‘दायरे’ म्हणतात, तुर्कीत ‘देफ’. डफ हा शब्द इथूनच आपल्याकडे आला असं नाही हं, आपल्यालाही तो अरबी-फारसीतूनच मिळालाय. शाहिराच्या हातात गेला तेव्हा अस्सल मराठी झाला.

स्कोपिये, बितोला, वेलेस, ओह्रिद या गावांत हे ताफे असत. एकाच बैठकीत तुर्की गाणं, मॅसेडोनियन गाणं आणि मधे वाद्यांची पेशरेव. ‘पेशरेव’ म्हणजे ऑटोमन दरबारी संगीतातली बांधीव सुरावट, मैफिलीची सुरुवात. त्यावरूनही तुर्कीत म्हण आहे, झुर्न्यावर पेशरेव नसते, जे निघेल ते नशीब! कानूनवाल्यांनी झुर्नेवाल्यांना मारलेला टोमणा आहे हा. शहरी आणि गावठी हा भेद तिथेही होताच.

१९१२ नंतर बे-पाशा गेले आणि त्यांच्या बैठकाही गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओ स्कोपियेने या गाण्यांना पुन्हा जागा दिली, पण अकॉर्डियन-क्लॅरिनेटच्या नव्या ताफ्यांपुढे ऊद-कानून मागेच पडले.

वाजवणारे बहुतेक रोमा असतात हे खरं का? आणि रोमा मूळचे भारतातले?

दोन्ही खरं. झुर्ला-तापान हा मॅसेडोनियात मुख्यतः रोमांचा धंदा आहे, बापाकडून मुलाकडे जाणारा. तुर्की थ्रेसमध्येही उत्तम क्लॅरिनेटवाले रोमाच. केशान गावचे सेलिम सेस्लेर (१९५७–२०१४) त्यांपैकी. रोमांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले आणि हे मुख्यतः त्यांच्या भाषेवरून कळलं. नाक, कान, पानी. माणसाला म्हणतात ‘मानुश’. सुरीला ‘छुरी’. आकडे येक, दुई, त्रिन, श्तार, पांज. पहिल्यांदा हे ऐकताना अंगावर काटा येतो, हे कबूल.

पण तेवढ्यावरून ‘बाल्कन संगीत आपलंच आहे’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. रोमांनी वाटेत इराण पाहिलं, आर्मेनिया पाहिला, बायझँटियम पाहिलं आणि जिथे राहिले तिथलं संगीत तिथल्या लोकांपेक्षा चांगलं वाजवून पोट भरलं. हीच त्यांची कारागिरी आहे. तिला भारतीय ठरवून आपण त्यांचं श्रेय उलट कमी करतो.

स्कोपियेत जन्मलेल्या एस्मा रेजेपोव्हा (१९४३–२०१६) यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. रोमानी भाषेत रेडिओवर, मंचावर, ताठ मानेने गाणारा हा आवाज १९७६ मध्ये चंदीगडच्या रोमा महोत्सवातही घुमला होता. त्यांच्या तानेत हिजाजही आहे, मॅसेडोनियन सातही आहे आणि रडता रडता मधेच हसणारा एक हुंदका आहे, तो फक्त त्यांचा.

आणि हो, बिदागी. खूश झालेला वऱ्हाडी नोट थुंकी लावून वादकाच्या कपाळावर चिकटवतो किंवा तापानच्या दोऱ्यात खोचतो. आपल्याकडच्या दौलतजादाला हे नवीन नाही.

एकच चाल सगळे देश आपली म्हणतात, ती कोणती?

‘उस्कुदारा गिदेर इकेन’. इस्तंबूलच्या उस्कुदार भागाकडे जाताना पाऊस आला आणि माझ्या कारकुनाच्या लांब कोटाला चिखल लागला, अशा अर्थाचं खट्याळ तुर्की गाणं. हीच चाल मॅसेडोनिया, बल्गेरिया, सर्बिया, बोस्निया, ग्रीस, अल्बेनिया सगळीकडे आहे. कुठे प्रेमगीत, कुठे युद्धगीत, कुठे धार्मिक पद. बल्गेरियन दिग्दर्शिका आदेला पेएवा यांनी २००३ मध्ये ‘हे गाणं कुणाचं?’ या नावाचा माहितीपट केला. प्रत्येक गावात लोक छातीवर हात ठेवून सांगतात, आमचंच! काही ठिकाणी तर प्रकरण हमरीतुमरीवर येतं.

आपल्याकडेही ती आली आहे बरं का. काझी नझरुल इस्लाम यांनी ‘शुकनो पातार नूपुर पाये’ हे बंगाली गीत याच चालीवर बांधलं. बंगाल्यांनी मात्र मालकीसाठी कुणाशी भांडण काढल्याचं ऐकलं नाही.

तुर्कांविरुद्ध लढणाऱ्यांच्या गाण्यातही तुर्की संगीत आहे, हे कसं?

लढणाऱ्याचा कान काही वेगळा नसतो. तुर्क होण्याचा आग्रह धुडकावणाऱ्या अंग्या नावाच्या सावळ्या मुलीचं गाणं मॅसेडोनियात फार जिव्हाळ्याचं आहे. बंडखोर कोमित्यांची गाणी तर ढीगभर. पण चाल, ताल आणि निम्मी शब्दसंपत्ती त्याच सामाईक कोठारातली. शत्रूला ते म्हणतात ‘दुश्मान’. गल्ली ‘सोकाक’, वस्ती ‘माआलो’, म्हणजे आपला मोहल्ला. प्रेमवेडाला ‘सेव्दा’. बितोलाच्या मुख्य रस्त्याचं नाव आजही ‘शिरोक सोकाक’, रुंद गल्ली. अर्धं स्लाव्ह, अर्धं तुर्की.

लोकगीतं गोळा करणाऱ्या मिलादिनोव्ह बंधूंची, दिमितार आणि कोन्स्तान्तिनची, गोष्टही याच गुंत्यातली. स्त्रुगा गावच्या या भावांनी १८६१ मध्ये झाग्रेबला मोठा गीतसंग्रह छापला आणि पुढच्याच वर्षी दोघंही इस्तंबूलच्या तुरुंगात वारले. संग्रहाच्या मुखपृष्ठावर ‘बल्गेरियन लोकगीतं’ असं होतं, म्हणून स्कोपिये आणि बल्गेरियाची राजधानी सोफिया यांच्यात आजही खडाखडी होते. त्यात मी पडत नाही.

मग तुर्क लोक मॅसेडोनियाबद्दल गातात का?

गातात, आणि या विषयातला हा माझा सर्वात आवडता कोपरा. ‘रुमेली तुर्कू’ हा तुर्की लोकगीतांचा एक अख्खा विभाग आहे. रुमेली म्हणजे ऑटोमन साम्राज्याचा युरोपातला मुलूख. १९१२ नंतर लोंढेच्या लोंढे तिथून निघाले. १९२३ ला ग्रीसशी लोकसंख्येची अदलाबदल झाली, १९५० च्या दशकात युगोस्लाव्हियातून पुन्हा मोठं स्थलांतर झालं. इझमीर, बुर्सा, इस्तंबूलला हे लोक उतरले. जमीन गेली, घर गेलं, गाणी तेवढी राहिली.

‘वार्दार ओवासी’ घ्या. वार्दार नदीचं मैदान. त्यात परमुलखात राबणारा गडी म्हणतो, घरी परतण्यापुरतेही पैसे गाठीला लागले नाहीत. आता मघाचं ‘योव्हानो, योव्हान्के’ आठवा. त्यातही वार्दारच आहे. पोरगी नदीकाठी बसून पांढरं कापड उन्हात उजळवतेय, आणि तिची आई तिला प्रियकराकडे सोडत नाही. एकच नदी, दोन काठांवरच्या दोन भाषा. दोन्ही गाणी लागोपाठ लावली की आमच्या बैठकीत थोडा वेळ कुणी बोलत नाही.

आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक केमाल अतातुर्क सेलानिकचे. १८९६ पासून त्यांचं लष्करी शिक्षण मनास्तिरला झालं. ही रुमेली गाणी त्यांना फार प्रिय होती. आणि त्यांच्याच राजवटीत १९३४ मध्ये ऑटोमन अभिजात संगीतावर काही काळ रेडिओबंदी आली! लोकसंगीत तेवढं खरं तुर्की, दरबारी संगीत परकं, असा तो हिशोब. म्हणजे चालगियातलं ऊद-कानून तिकडेही संशयित ठरलं आणि इकडेही.

ब्रास बँड कुठून आले?

फौजेतून. १८२६ मध्ये सुलतान दुसरा महमूद याने जानिसारी ही सुलतानाची जुनी खडी फौज मोडली, तिचं मेहतेर वाद्यपथकही गेलं. १८२८ मध्ये इटालियन ज्युझेप्पे दोनिझेत्तीला बोलावून युरोपीय धर्तीचा बँड उभा केला. अशा फौजी बँडांतली कर्णे-तुताऱ्यांची सवय गावोगावच्या रोमांनी उचलली आणि झुर्ल्याच्या चाली पितळेवर चढवल्या. कोचानी गावचा ऑर्केस्टार हा त्याचा ठसठशीत नमुना. आपला वरातीतला बँडही फौजेतूनच आला. फक्त आपण त्यावर सिनेमाची गाणी वाजवली, त्यांनी चोचेक.

दोन्ही देशांचा एखादा सामाईक सण आहे का?

हिदिरेल्लेझ. हिझिर आणि इल्यास या दोन संतपुरुषांच्या भेटीचा दिवस, ६ मे, वसंताची सुरुवात. तिथल्या ख्रिस्ती लोकांचा सेंट जॉर्जचा दिवसही त्याच तारखेला. रोमा त्याला ‘एदेर्लेझी’ म्हणतात आणि त्या नावाचं गाणं तुम्ही कुठेतरी ऐकलंच असेल. २०१७ मध्ये तुर्कस्तान आणि मॅसेडोनिया या दोघांनी मिळून हा सण युनेस्कोच्या यादीत नोंदवला. एरवी मालकीवरून भांडणाऱ्या प्रदेशात हे विशेषच म्हणायचं.

सामाईक नसलेलं काय आहे?

बरंच. मॅसेडोनियन बायका-पुरुष दोन आवाजांत गातात. एक चाल फिरवतो, दुसरे सूर धरतात, आणि मधेच दोन स्वर मुद्दाम एकमेकांना घासतात. पोलोग भागातलं पुरुषांचं असं गाणं २०१५ मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपण्याच्या यादीत गेलं. तुर्की लोकगायन बहुधा एकाच आवाजाचं.

उलट बाजूने, अनातोलियाच्या आतल्या भागातल्या आशिकांची परंपरा, म्हणजे हातात साझ (बाग्लामाच) घेऊन स्वतःची कवनं गाणारे आशिक वेय्सेल (१८९४–१९७३) यांच्यासारखे शाहीर, किंवा नेशेत एर्ताश (१९३८–२०१२) यांची किर्शेहिरकडची ‘बोझलाक’ गाणी, यांना मॅसेडोनियात जोड नाही. ‘तुर्की लोकसंगीत’ असं एकच काही नसतं. नातं आहे ते रुमेली, थ्रेस आणि थोडंफार एजियन किनाऱ्याशी. तुर्कस्तानच्या पूर्व टोकाच्या कार्सच्या गाण्याला स्कोपिये तितकंच लांब आहे जितकं आपल्या लावणीला गुवाहाटी.

कावाल ही बासरीही नावाला सामाईक, पण मॅसेडोनियात ती लांबलचक, अखंड नळीची आणि बऱ्याचदा जोडीत वाजणारी. मशकीच्या गाय्देबद्दलही तेच. तिथल्या गाय्देला एक सलग सूर धरणारी लांब नळी असते, तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकाठच्या तुलुमला ती नसते.

नाचाबद्दल काहीच बोलला नाहीत.

बघून कळणारी गोष्ट लिहून किती सांगणार? एक सांगतो. ‘तेश्कोतो’ म्हणजे ‘जड’. गालिच्निक या डोंगरातल्या गावी जुलैत लग्नसोहळा होतो, तिथे पुरुष हा नाच करतात. सुरुवातीला ताल जवळजवळ नसतोच. नाचणारा एका पायावर तोल सांभाळत पाय उचलतो, हवेत थांबतो, आणि तापानवाला त्याच्या गुडघ्याकडे डोळे लावून बसलेला असतो. पाय टेकला की टोला. नाचणारा तालाच्या मागे नाही, ताल नाचणाऱ्याच्या मागे. हळूहळू गती वाढते आणि एका क्षणी म्होरक्या तापानवरच चढून उभा राहतो.

ऐकायला कुठून सुरुवात करू?

तोशे प्रोएस्कीचा ‘बोझिलाक’ (२००६), पारंपरिक मॅसेडोनियन गाणी, वाद्यवृंदासह. गुळगुळीत आहे, पण दार उघडायला छान. मग व्लात्को स्तेफानोव्स्की आणि मिरोस्लाव तादिच यांचा दोन गिटारींचा ‘क्रुशेवो’ (१९९८). त्यानंतर एस्मा. नंतर रुमेली तुर्कू, कुणाच्याही आवाजात. झुर्ला-तापान सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो गच्चीवर.

मी सनई शिकतो. मला झुर्ला वाजवता येईल का?

बोटं बसतील, श्वासही बसेल. ओठांचं मात्र सगळं विसरावं लागेल. सनईत जिव्हाळी ओठांत धरून आपण मींड काढतो, स्वर दाबतो, सैल सोडतो. झुर्लेवाला अख्खी जिव्हाळी तोंडाच्या आत घेतो, ओठ बाहेरच्या गोल चकतीवर टेकवतो आणि हवा सोडतो. ओठांचा ताबाच नाही. म्हणून तो आवाज इतका उघडा, सपाट आणि दणदणीत येतो. आमच्या बैठकीतल्या एका सनईवाल्याने प्रयत्न केला. दहा मिनिटांत गाल भरून आले, आणि खालचे काका पुन्हा वर आले.